बाईंच्या हातावरचे चौकोन

अंबडला मला भाड्याची खोली मिळाली ती माझ्या कोरड्या कातडीमुळे.

मी तिथल्या कोर्टात लिपिक म्हणून नवीनच रुजू झाले होते. माझं गाव पिंपळगाव रेणुकाई, म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. एकट्या मुलीला खोली द्यायची म्हटली की घरमालक आधी आडनाव विचारत, मग लग्नाचं, मग भेटायला कोण कोण येणार ते. बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. दार उघडलं, माझा हात धरून मला ओसरीच्या उजेडात नेलं, बाही वर सारली आणि हातावर नखानं एक रेघ ओढली. रेघ पांढरी उमटली आणि तशीच राहिली.

"बोअरच्या पाण्यानं अंघोळ करतेस का?"

"हो."

"आन् साबण रोज?"

"रोज."

"मंग बराबर हाये," त्या म्हणाल्या. आवाजात समाधान होतं. "खोली देते. पण अधूनमधून हात द्यावा लागंल."

मला वाटलं, घरकामात हात द्यावा लागेल. मी हो म्हटलं.

बाई म्हणजे गावातल्या मुलींच्या शाळेतल्या विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अंगानं वाळलेल्या, उंच, चालताना किंचित पुढे झुकणाऱ्या. सगळं अंबड त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. त्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बॉलपेननं आखलेले चौकोन असत आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर. 'ख' म्हणजे खोबरेल, 'सा' म्हणजे दुधावरची साय, 'ग्लि' म्हणजे ग्लिसरीन, 'पे' म्हणजे पेट्रोलियम जेली. मेडिकलवाल्याकडे एखादं नवीन लोशन आलं की त्याला एक चौकोन मिळायचा. मनगटाजवळचा एक चौकोन मात्र कायम रिकामा. त्यात काहीच लावायचं नाही.

"त्याला कामून उपाशी ठेवलं?" मी एकदा गमतीनं विचारलं.

"तो कोरडा राह्यला तरच बाकीच्यांचं कळतं," बाई गंभीरपणे म्हणाल्या. त्यांना गंमत फारशी कळत नसे.

संध्याकाळी ऊन तिरपं झालं की त्या खिडकीशी बसत. प्रत्येक चौकोनावर चिकटपट्टीचा एक तुकडा दाबून बसवायचा, अलगद ओढायचा आणि उजेडात धरून बघायचा. पट्टीवर कातडीचा भुगा किती आला, त्यावरून कोणी पाणी धरलं आणि कोणी नाही ते ठरायचं. मग त्या मला हाक मारत. मी 'हात द्यायला' जायची. माझ्या एका हातावर खोबरेल, एका हातावर काही नाही, असे माझे हिवाळे गेले. कोर्टात माझ्या शेजारी बसणारी कारकूनबाई म्हणायची, तुझे दोन हात दोन वेगळ्या बायकांचे वाटतात.

बाईंना कुणी 'कोणती क्रीम चांगली' असं विचारलं, की आधी त्यांचा पाठ ऐकावा लागे. "त्वचा कोरडी पडली म्हणजे तिला तेल कमी पडलं असं न्हाई. पाणी कमी पडलं. तेल काय, जेली काय, पाणी देत न्हाई, फक्त असलेलं जाऊ देत न्हाई. तुम्ही बाया अंघोळ करता, खसाखसा पुसता, साडी नेसता, चहा पिता, आन् मंग क्रीम लावता. तवर पाणी उडून गेलं. आता कुणाला कोंडायलात?" ग्लिसरीनबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. ते पाणी ओढतं, पण हवेतच पाणी नसेल तर आतलंच ओढून घेतं, म्हणून नुसतं चोळायचं नाही, पाण्यात मिसळून लावायचं. हे सगळं त्या नववीच्या वर्गाला शिकवावं तसं सांगत, आणि ऐकणारीनं मान डोलवली की शेवटी एक प्रश्न विचारत. उत्तर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

चौकोनांना पाणी लागू नये म्हणून त्या डाव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून भांडी घासत. लग्नात अत्तर लावायला कुणी आलं की उजवा हात पुढे करत आणि डावा पदराखाली घेत. एकदा बसमध्ये कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "बाई, हे काय गोंदून घेतलंय?" बाई म्हणाल्या, "गोंदलं न्हाई. प्रयोग हाये." मग अंबड येईपर्यंत त्यांनी त्याला चिकटपट्टीचं समजावलं, आणि बिचारा पुढच्या सीटवरच्या लोकांची तिकिटं फाडायचं विसरला.

माझी बदली भोकरदनला झाली त्याला आता काही वर्षं झाली. बाई अजून अंबडलाच आहेत, त्याच घरात, एकट्या. फोन केला की 'कशी आहेस' म्हणायच्या आधी तिकडची हवा कोरडी आहे का ते विचारतात.

एकट्या त्या तेव्हाही होत्या. पण ते एकटेपण त्यांनी स्वतःच थोडं थोडं करून जमवलेलं होतं, हे मला हळूहळू कळलं.

आमच्या गल्लीतली एक बाई कुठल्याशा कंपनीची क्रीम विकायला लागली. एकीनं दुसरीला विकायची, दुसरीनं तिसरीला, तसला प्रकार. बाईंची बैठक मोठी, म्हणून तिनं तिथं बायका जमवल्या, सगळ्यांच्या हाताला क्रीम लावली, चहा-चिवडा झाला. जाताना तिनं बाईंना एक डबी भेट दिली. ती द्यायला नको होती. पंधरवड्यानं बायका पुन्हा जमल्या तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं विचारलं, "बाई, तुम्ही तर शास्त्र शिकवलं. सांगा बरं सगळ्यांना, कशी वाटली?"

बाईंनी डावा हात पुढे केला, चौकोन दाखवला. "सुगंध फार चांगला हाये," त्या म्हणाल्या. "बाकी रिकाम्या चौकोनात आन् ह्याच्यात काही फरक पडला न्हाई."

क्रीमवालीनं डब्या पिशवीत भरल्या. तिनं त्यात बरीच हौस आणि घरचा विरोध पत्करून जमवलेलं भांडवल घातलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही.

त्या संक्रांतीला बाईंकडे कुणी आलं नाही. विधवेनं हळदीकुंकू करायचं नसतं म्हणून त्या नुसता तिळगूळ ठेवत, आणि गल्लीतल्या बायका दरवर्षी येऊन जात. त्या दिवशी त्यांनी बैठकीत सतरंजी अंथरली, स्टीलच्या ताटात लाडू रचून ठेवले, स्वतः धुवट पांढऱ्या काठाची साडी नेसल्या. मी कोर्टातून आले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ताट तसंच भरलेलं होतं. गल्लीतून बांगड्यांचे आवाज येत होते. बायका पलीकडच्या घरी चालल्या होत्या.

मी एक लाडू उचलला. त्या म्हणाल्या, "खोटं सांगायचं होतं का मी?"

"खोटं नको, पण गप बसता आलं असतं, बाई."

त्यांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाल्या, "गप बसायची खरी गरज एकदाच होती. तिथं जमलं न्हाई. मंग इतरांसाठी कशाला जमवू."

आणि त्यांनी मला तीर्थपुरीचं सांगितलं. तीर्थपुरी त्यांचं सासर. थोरल्या जाऊबाई तिथं राहायच्या, त्यांना एक मुलगी. बाईंना मूल नसल्यानं सुट्टीत ही पुतणी अंबडला येऊन राहायची, बाईंच्या मांडीवर वाढलेली म्हटलं तरी चालेल.

"तिला बघायला पाहुणे आल्ते," बाई म्हणाल्या. "पोरीच्या कोपरावर, गुडघ्यावर लाल चट्टे होते, वरून खपल्या. सोरायसिस. जाऊबाईंनी तिला लांब बाह्या घातल्या होत्या. मुलाची आई मला म्हणाली, तुम्ही शाळेत शास्त्र शिकवता, तुम्ही सांगा, पोरीला काही दुखणं न्हाई ना? मी सांगितलं. म्हणलं, सोरायसिस हाये, कमी-जास्त होतं, मुळातून जात न्हाई, पण कुणाला बिलकुल लागत न्हाई. मला वाटलं, 'लागत न्हाई' हे त्या ऐकतील. त्यांनी 'जात न्हाई' एवढंच ऐकलं. चहा तसाच ठेवून उठले."

"आणि जाऊबाई?"

"उंबऱ्यात उभ्या राह्यल्या आन् म्हणाल्या, या घरात परत पाय ठेवायचा न्हाई. न्हाई ठेवला."

पलीकडच्या घरातून हसण्याचा मोठा आवाज आला. बाईंनी उगाच ताटातला एक लाडू उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

"मंग हे सुरू केलं," त्यांनी हातावरच्या चौकोनांकडे बघत म्हटलं. "चट्टे जात न्हाईत, ते डॉक्टरचं काम. पण वरची त्वचा ओली राह्यली तर चिरत न्हाई, आग कमी होती. म्हणलं, सगळ्यात बरं काय ते शोधू आन् पोरीला पाठवू."

"सापडलं नाही का?"

"सापडलं की. पहिल्याच हिवाळ्यात सापडलं."

"मग पाठवलं नाही?"

"परत एकदा बघावं म्हणलं," बाई म्हणाल्या. "चूक नको म्हणून."

बाहेर अंधारून आलं तसा त्यांनी दिवा लावला. ते लाडू पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघीच खात होतो.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि पहिली दोन-तीन वाक्यं नुसतं 'हां, हां' म्हटलं. नंतर माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताईचा फोन होता. तीर्थपुरीहून." पुतणीला त्या ताईच म्हणत. "जाऊबाईंच्या किडन्या गेल्यात. डायलिसिसला जालन्याला नेतात. अंगाला खाज सुटती, कातडं सुकून फाटून राह्यलं. डॉक्टरची औषधं चालू हायेत, पण झोप न्हाई. ताई म्हणली, काकू, तुम्ही येता का?"

"मग जा ना, बाई."

"तू चल. मी एकटी गेले आन् उंबऱ्यातच काही झालं तर."

बाईंनी कापडी पिशवीत सगळ्या बाटल्या आणि डब्या भरल्या, चिकटपट्टी घेतली, बॉलपेन घेतलं. बसमध्ये ती पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. ऊस तोडणीला आलेला होता आणि ट्रॅक्टरमागे बस रखडत होती.

दार ताईनंच उघडलं. पस्तिशीची असेल, अंगणवाडीत सेविका होती. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, चेहरा शांत. "या काकू," म्हणाली आणि बाजूला झाली. एवढंच.

आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खाजवून रक्त काढू नये म्हणून त्यांच्या दोन्ही हातांना सुती फडकी गुंडाळली होती. पायांची कातडी भेगाळून राखेसारखी झाली होती.

"कोण हाये?" त्यांनी न वळताच विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"धाकटी."

जाऊबाई सावकाश वळल्या. बघत राहिल्या. "म्हातारी झालीस गं," त्या म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या.

बाईंनी पिशवी उघडली. सवयीनं आधी बॉलपेन बाहेर आलं. दारात उभी असलेली ताई म्हणाली, "काकू, आईवर रेघा मारायच्या न्हाईत." म्हणजे चौकोनांची बातमी तिथपर्यंत पोचली होती.

"न्हाई मारत," बाई म्हणाल्या आणि पेन माझ्याकडे दिलं.

त्यांनी कोमट पाणी मागितलं, हाताची फडकी सोडली आणि जाऊबाईंचं अंग मऊ कापडानं पुसून घेतलं. साबण नाही. पाणी टिपलं, पण पुरतं कोरडं केलं नाही, आणि त्या ओलसर कातडीवर जेलीचा हात फिरवला. आधी एक हात, मग दुसरा, मग पाठ. दोन्ही हातांना तेच. मी त्यांचा असा हात कधी पाहिला नव्हता. माझ्या हाताला लावताना त्या मोजूनमापून लावत, डोळे बारीक करून. इथं त्या बघतही नव्हत्या.

"काय लावून राह्यलीस?" जाऊबाईंनी विचारलं.

"साधी जेली."

"मंग एवढ्या बाटल्या कामून आणल्या?"

बाईंनी पिशवी पायानं खाटेखाली सारली. थोड्या वेळानं जाऊबाईंचा श्वास एकसारखा झाला. झोपल्या होत्या.

ओसरीवर ताईनं चहा दिला. बाईंनी पिशवीतून जेलीची एक नवी डबी काढली, तिच्यापुढे ठेवली. "ही तुझ्यासाठी. अंघोळ झाल्याबरोबर लावायची, अंग ओलं असतानाच."

ताईनं डबीला हात लावला नाही. "मी हेच लावते, काकू. जालन्याच्या डॉक्टरनं कधीचंच सांगितलंय."

बाईंचा कप हातातच राहिला.

"तुम्ही त्या दिवशी खरं बोलल्या," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्याचं मला काही न्हाई. असली माणसं उठून गेली ते बरंच झालं. पण तुम्ही बोलल्या आन् बसमधी बसून गेल्या. मी इथं राह्यले. आई रोज तुमच्या नावानं बोलायची, गाव माझ्याकडं बघायचं, ते सगळं मी ऐकलं. तुम्हाला एकदा न्हाई वाटलं, जाऊन बघावं पोरगी कशी हाये?"

"तुझी आई म्हणली होती, पाय ठेवायचा न्हाई."

"आई म्हणली होती. मी न्हाई म्हणले."

ओसरीवर एक शेळी चढली, ताईनं तिला हाकललं आणि पुन्हा येऊन बसली.

"सगळे सांगायचे, काकू तुझ्यासाठी औषध शोधून राह्यली. मला औषध नको होतं, काकू. त्याला डॉक्टर हायेत."

समोरच्याला उत्तर न देता बाई बसल्यात, असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. चहा संपल्यावर त्यांनी कप स्वतः मोरीत नेऊन विसळला, हाताला पिशवी न बांधता. डाव्या हातावरची शाई पाण्यानं पसरली आणि अक्षरं पुसट झाली.

परतीच्या बसमध्ये त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "जाऊबाईंची कातडी कशी झाली बघितलीस ना." पुढच्या शनिवारी त्या पुन्हा गेल्या. मग दर शनिवारी गेल्या, बहुतेक वेळा एकट्याच. रात्री तिथंच राहत. जाऊबाई त्यांच्याशी फार बोलत नसत. ताईही नाही. घरात तीन बायका आणि बोलणं औषधाच्या वेळांपुरतं, असं बाईच मला सांगत. पण जाऊबाईंच्या हातांची फडकी सुटली होती आणि कधीमधी त्या स्वतःहून म्हणत, "धाकटे, पाठीला लाव गं."

पुढचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. जाऊबाई गेल्यावर ताई तीर्थपुरीलाच राहिली. बाईंनी तिला अंबडला बोलावलं, ती म्हणाली, माझी अंगणवाडी हाये. बाई तिकडं राहायला जाऊ शकल्या असत्या, पण तिनं तसं म्हटलं नाही आणि यांनी विचारलं नाही. सणाला ताई अंबडला येते, कधी येत नाही. दोघी फोनवर बोलतात, तेही थोडंच. बाईंनी हातावर चौकोन काढणं सोडलं. डाव्या हाताचा तो रिकामा राहिलेला तुकडा इतक्या वर्षांत एवढा खरखरीत झालाय की आता काहीही लावलं तरी बाकीच्या हातासारखा होत नाही. गल्लीतल्या बायका पुन्हा येऊ लागल्या असं मला सांगायला आवडलं असतं. एखाददुसरी येते.

जाऊबाई गेल्या त्या सकाळी मी अंबडलाच होते. ताईचा फोन आला आणि आम्ही दोघी मिळेल त्या जीपनं तीर्थपुरीला गेलो. अंगणात भावकीची माणसं बसली होती, बांबू आणले होते. आत बायका अंघोळीची तयारी करत होत्या. बाईंनी पदर खोचला आणि पाण्याचा तांब्या एका बाईच्या हातातून घेतला. कुणी अडवलं नाही.

त्यांनी जाऊबाईंना अंघोळ घातली, नेहमीसारखी, कोमट पाण्यानं, मऊ कापडानं. मग कापड बाजूला ठेवलं आणि कमरेच्या पिशवीतून जेलीची डबी काढली. पायाशी बसल्या. एक पाऊल हातात घेतलं आणि टाचेपासून वर लावायला लागल्या.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "आता कशाला गं ते? आता काय उपयोग?"

"उपयोग न्हाई," बाई म्हणाल्या. "ठाऊक हाये मला."

आणि लावत राहिल्या. बोटांच्या फटीत, घोट्याभोवती, भेगांच्या रेषांवरून.

ताई भिंतीपाशी नव्या साडीची घडी छातीशी धरून उभी होती. सकाळपासून ती रडली नव्हती. तिनं साडी खाली ठेवली. भावकीतल्या सगळ्या बायकांसमोर दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. कोपरावरचे लाल चट्टे उघडे पडले. ती बाईंच्या समोर येऊन बसली, डबीत बोटं घातली आणि आईचं दुसरं पाऊल मांडीवर घेतलं.

अंगणातून कुणीतरी म्हणालं, जल्दी करा, ऊन वाढून राह्यलं. दोघींपैकी कुणीच मान वर केली नाही.